आधी घडी, मग नक्षी

हातानं केलेलं शुभेच्छापत्र हाती आलं की डोळ्यांच्या आधी बोटं त्याची पारख करतात. कागद भक्कम आहे की लिबलिबीत, कडा एकमेकींवर चपखल बसल्यात की सूतभर सरकल्यात, उघडताना घडी सहज वळते की पाठीवर फुटते, हे सगळं चित्राकडे लक्ष जाण्याआधीच कळून चुकलेलं असतं. मग नजर फुलांवर, टिकल्यांवर, सोनेरी किनारीवर जाते. तोवर बोटांनी निकाल देऊन टाकलेला असतो.

या पुस्तकाच्या पहिल्या तीन प्रकरणांत एकही फूल नाही, ते याच कारणानं. त्यांत आहे तो फक्त कागद: तो ओळखायचा कसा, कापायचा कसा आणि दुमडायचा कसा. माझ्या वर्गांना येणाऱ्या मुली, बाया आणि अलीकडे काही निवृत्त गृहस्थही पहिल्या दिवशी पिशवी भरून सामान घेऊन येतात. मणी, लेस, चमकी, पंच, स्टिकर, क्विलिंगच्या पट्ट्या. त्यांना मी पांढऱ्या कार्डशीटचा एक ताव देते आणि नुसत्या घड्या घालायला बसवते. चेहरे पडतात, ते मला दिसतात. तरीही मी तेच करत आले आहे, कारण कार्ड हे आधी कागदाचं काम आहे आणि सजावटीचं नंतर, यावर माझा ठाम विश्वास आहे. घडी चुकलेल्या कार्डावर कितीही नक्षी चढवा, ते चुकलेलंच दिसतं. घडी नेमकी असेल तर कोपऱ्यातला एखादा ठसाही पुरतो.

गिरणीत बनलेल्या कागदाला एक दिशा असते, इथपासून सुरुवात करावी लागते. पातळ लगदा यंत्राच्या सरकत्या जाळीवर पडतो तेव्हा त्यातले बहुतेक तंतू यंत्र धावतं त्या दिशेला लांबलेले राहतात. छापखान्यात आणि बाइंडिंगच्या धंद्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूनं घडी घातली की कागद निमूट वळतो. आडवी घातली की तंतू मोडतात, घडीच्या पाठीवरचा रंग सुटतो आणि गडद कार्डशीटवर पांढरी खरबरीत रेघ उमटते. अशी रेघ पडली की ‘कागदच हलका निघाला’ म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो. कागद चांगलाच असतो, घडी आडव्या अंगानं घातलेली असते. ग्रेन ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. ताव न दुमडता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, ज्या अंगाला कमी जोर लागतो ती ग्रेनची घडी. खात्री करायची असेल तर कागदाचा एक चौकोनी तुकडा घ्या आणि त्याच्या एकाच बाजूवरून ओला बोळा फिरवा. तुकडा लगेच गोल वळायला लागतो आणि त्याची नळी होते. ती नळी ज्या दिशेला लांब, तीच तंतूंची दिशा.

यातली एक गंमत मी आवर्जून सांगते, कारण ती कळली की पुढचे कितीतरी ताव वाचतात. बाजारात मिळणाऱ्या ए-४ तावांत, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरच्या कागदात, ग्रेन बहुधा लांबीच्या दिशेनं असतो. असा अख्खा ताव मधोमध दुमडून मोठं कार्ड केलं तर घडी नेमकी ग्रेनला आडवी येते. तोच ताव आधी मधोमध कापून दोन ए-५ तुकडे केले आणि मग प्रत्येकाची घडी घातली, तर घडी ग्रेनला समांतर पडते. एका तावात दोन कार्डं, घडीही स्वच्छ, आणि १०५ बाय १४८ मिलिमीटरचं ते ए-६ कार्ड सी-६ मापाच्या पाकिटात विनासायास सरकतं. या पुस्तकातले बहुतेक नमुने याच मापाचे आहेत, ते त्यामुळेच. मोठं कार्ड करायचंच असेल तर मोठ्या शीटमधून ग्रेन बघून कापून घ्यावं.

घडीची रेघ दाबून घेणं ही पुढची पायरी. त्यासाठी बोन फोल्डर नावाचं हाडाचं किंवा प्लॅस्टिकचं चपटं हत्यार मिळतं. नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन किंवा विणकामाच्या सुईचं बोथट टोक चालतं. कागदाखाली जुनं मासिक ठेवा, स्टीलची पट्टी घट्ट धरा आणि एकदा जोरात दाबण्यापेक्षा दोनदा हलक्या हातानं रेघ ओढा. कागद उलटून बघितला तर मागे बारीक उंचवटा आलेला दिसेल. घडी घालताना हा उंचवटा कार्डाच्या आत गेला पाहिजे. पुष्कळ जण उलटं करतात, कारण खोबणीकडे दुमडणं हाताला जास्त स्वाभाविक वाटतं. पण दाबलेल्या रेघेवर कागदाचे थर सुटे झालेले असतात. ते आतल्या अंगाला फुगले की बाहेरच्या पाठीवर ताण येत नाही. शेवटी घडीवर एक साधा कागद ठेवून त्यावरून बोन फोल्डर फिरवायचा. थेट फिरवला तर कागदावर चकाकी उमटते आणि ती मग जात नाही.

कार्डाच्या बैठकीला २२० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा, कागद घ्यावा. त्याहून पातळ कागदाचं कार्ड टेबलावर उभं राहत नाही, मान टाकतं. त्याहून जाड कागद हातानं नीट दुमडत नाही. हा झाला पाया. त्यावर चढणाऱ्या कागदांचं जग मात्र फार मोठं आहे आणि त्यातला पुष्कळ भाग आपल्या अंगणातलाच आहे.

दौलताबाद–खुलताबादच्या वाटेवरचं कागजीपुरा हे गाव नावापासूनच कागदाचं. मुहम्मद तुघलकानं चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादेला हलवली, त्या काळाशी तिथल्या कागदाचं नातं सांगितलं जातं. जुन्नरच्या कागदालाही एके काळी नाव होतं. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली ती गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून. हातकागद आजही मुख्यतः सुती चिंध्यांचा, होजिअरीच्या कारखान्यांतल्या कातरणांचा होतो. लगदा चौकटीतल्या जाळीवर हातानं उचलला जातो. त्यामुळे तंतू चहूकडे पसरतात आणि ग्रेनचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. त्याची कड कातरीनं कापू नये. पट्टीच्या आधारानं ओल्या ब्रशची रेघ ओढून हळूच फाडावी, म्हणजे तंतूंची मऊ झालर सुटते. कार्डावर एवढी झालर असली की वेगळी किनार लागत नाही.

पण हातकागदाचं कौतुक करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण त्या न सांगितल्यामुळे नवी माणसं निराश होतात. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद दुमडला की पाकळी तडकते. खरबरीत पृष्ठभागावर बारीक रेषांचा ठसा तुटक उमटतो. पाणीदार शाई तंतूंच्या वाटेनं पसरते. म्हणून हातकागद मी शक्यतो कार्डाच्या बैठकीला न वापरता वर चिकटवायच्या तुकड्याला वापरते, आणि त्यावर ठसा द्यायचाच तर ठळक, भरीव, कमी तपशिलाचा देते. वारली चित्रांसारखी चौकोन-त्रिकोणांची आकृती गेरूच्या रंगाच्या हातकागदावर फार खुलते, ती याच कारणानं.

दुसरा कागद अबरीचा. जुन्या वह्यांच्या नि ग्रंथांच्या बांधणीत पुठ्ठ्यावर किंवा आतल्या अस्तराला ढगाळ, लाटांच्या नक्षीचा जो कागद लावत, तो हा. पाण्यावर रंग तरंगवून ती नक्षी कागदावर उचलण्याची ही कला इराण, तुर्कस्तानात बहरली आणि दख्खनेत विजापूरच्या आदिलशाहीत चित्रकारांनी तिला वेगळ्याच उंचीवर नेलं. सतराव्या शतकातली, हाडं निघालेल्या घोड्याची त्यांची चित्रं प्रसिद्ध आहेत. घोड्याचं अंगच्या अंग अबरीच्या लाटांनी भरलेलं आणि बाकीचं चित्र बारीक रेषांचं. हे काम करायला पाणी थोडं दाट, बुळबुळीत लागतं. जुन्या कारागिरांनी ते मेथीच्या दाण्यांनी साधलं होतं. मेथी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून घेतली की मिळणारं ते दाट पाणी घरच्या पसरट ताटातही काम देतं. कागदाला आधी तुरटीच्या पाण्याचा हात द्यायचा, वाळवायचा, म्हणजे रंग धरून ठेवतो. मग ताटातल्या पाण्यावर ब्रशनं रंग शिंपडायचे, काडीनं किंवा जुन्या कंगव्यानं अलगद ओढायचे आणि कागद एका कोपऱ्यापासून हळूहळू टेकवत न्यायचा. मध्ये हवा अडकली तर तिथं पांढरा डाग राहतो. दोन उचल कधीही सारख्या येत नाहीत, त्यामुळे अबरीच्या पट्टीचं कार्ड जगात एकुलतं एक असतं. चौथ्या प्रकरणात हे सविस्तर आहे आणि लिहिताना मला सगळ्यांत आनंद झाला तो या प्रकरणाचा.

शुभेच्छापत्राची आजची रीत मात्र आपल्याकडे बाहेरून आली, हे मान्य करायला हरकत नाही. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जायला लागलं आणि १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन कॉलकट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड करून घेतलं. शिळेवर छापलेल्या त्या कार्डात रंग हातानंच भरलेले होते. एका कार्डाला एक शिलिंग मोजावा लागे, म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरचं. पण आपल्या विषयाची खरी पूर्वज मी कोलना मानत नाही. ती अमेरिकेतली एस्थर हाउलंड.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात एस्थरच्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. १८४७ साली माउंट होल्योकचं शिक्षण संपवून ती घरी आली आणि इंग्लंडहून आलेलं लेसच्या कागदाचं एक व्हॅलेंटाइन कार्ड तिच्या पाहण्यात आलं. असं आपल्यालाही करता येईल म्हणून तिनं नमुने केले आणि भावाबरोबर फिरतीवर पाठवले. दोनेकशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा. भाऊ परतला तो पाच हजारांहून अधिक डॉलरची मागणी घेऊन, असं सांगतात. मग घरातच मैत्रिणींना बसवून काम सुरू झालं. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं पार्श्वभूमी लावायची, तिसरीनं लेस चिकटवायची. कार्डाच्या मागे लाल रंगात छोटा ‘एच’ हा तिचा शिक्का असे. १८८१ साली तिनं धंदा विकला, तोवर अमेरिकेत व्हॅलेंटाइन कार्ड म्हणजे काय, हे तिच्या हातांनी ठरवून टाकलेलं होतं.

मला तिच्या व्यापारापेक्षा तिच्या दोन युक्त्यांचं अप्रूप आहे. पहिली, पांढऱ्या लेसच्या कागदाखाली चमकदार रंगाचा छोटा तुकडा ठेवायचा, म्हणजे लेसची जाळी उठून दिसते. दुसरी अधिक मोलाची. वरचा थर खालच्यापासून उचलून धरायला ती कागदाच्या अरुंद पट्टीला झिगझॅग घड्या घालून तिची स्प्रिंग करी. आज त्याच कामाला सर्रास फोमची दुहेरी टेप लावतात. फोमला एकच जाडी माहीत असते, आणि पाकिटात ती गठ्ठ्यासारखी फुगते. कागदाची स्प्रिंग पाकिटात चपटी होऊन झोपते आणि कार्ड बाहेर काढलं की वरचं फूल आपलं आपण उचलतं. करून बघायला पाच मिनिटं लागतात: साध्या पातळ कागदाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी घ्या, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर एकदा पुढे, एकदा मागे अशा घड्या घाला, नखानं चेपा, दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब लावून एक टोक खाली, एक वर चिकटवा. जाड कागद इथं चालत नाही, तो दबून राहतो किंवा वरचा थर वाकडा करतो.

रीत बाहेरची असली तरी हात आपलेच होते. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर घराघरांतल्या बायकांनी जर, टिकल्या, मखमलीचे तुकडे चिकटवून देवींना लुगडी नेसवली, दागिने घातले. छापील चित्र आणि त्यावर हातानं चढवलेला साज, हे आजच्या कार्डाचंच काम आहे. दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील करताना पतंगी कागद ताणून चिकटवायला आणि झिरमिळ्या एकसारख्या कापायला आपण शिकलो. मखरांनी बेगड आणि सोनेरी कागद हाताळायला शिकवलं. संक्रांतीला लहानसं कार्ड आणि त्याच पाकिटात चिमूटभर तिळगूळ पोस्टानं पाठवण्याची पद्धत कित्येक घरांत होती. दिवाळीची कार्डं पाकिटाचं तोंड उघडं ठेवून बुकपोस्टानं जात. आणि शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला भेंडीचे ठसे दिले नाहीत, असं मराठी शाळेतलं मूल शोधून सापडायचं नाही.

भेंडीच्या ठशाला मी बालवर्गातली करमणूक समजत नाही. ठसा म्हणजे काय, हे तिच्याइतकं स्वच्छ कुणी शिकवत नाही. देठाकडचा जाड भाग आडवा कापला की फूल मिळतं, पाकळ्या स्पष्ट आणि मधे बियांचे कप्पे. पण लगेच रंगात बुडवलीत तर चिकामुळे सगळं लडबडतं. कापलेली बाजू वर्तमानपत्रावर टेकवून थोडा वेळ तशीच ठेवायची, मग रंग भेंडीला न लावता आधी फडक्यावर घ्यायचा आणि त्या फडक्यावर भेंडी टेकवायची. दाब सरळ, खाली आणि वर. जरा कलली की कड दुहेरी होते. लाकडी ब्लॉक, रबरी शिक्का, पारदर्शक पॉलिमरचा ठसा, सगळ्यांना हेच नियम लागू आहेत: पृष्ठभाग कोरडा, रंग मापात, दाब उभा.

लाकडी ठशांचं माहेर गुजरातेतलं गांधीनगरजवळचं पेथापूर. तिथले कारागीर सागाच्या लाकडात इतकं बारीक कोरतात की नक्षीची रेघ नखाएवढीही जाड नसते. हे ठसे राजस्थानात सांगानेरला कापडावर चालतात. तिथं छापायच्या मेजावर कापडाचे थर अंथरलेले असतात आणि ठसा टेकवून वर मुठीचा ठोसा देतात. आपण घरी लाकडी ठसा कागदावर देतो तेव्हा तो अर्धवट उमटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा खालचं कठीण टेबल असतं. जुन्या रजईची दुपदरी घडी किंवा जाड वर्तमानपत्रं खाली घातली की तोच ठसा भरून येतो. कोरा नवा ठसा वापरण्याआधी काही दिवस तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही, हेही लक्षात ठेवावं.

रबरी शिक्क्याची गोष्ट गुडइअरपासून सुरू होते. चार्ल्स गुडइअर यांना रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट १८४४ साली मिळालं आणि पुढे रबराचे शिक्के आले. कचेऱ्यांनी ते उचलले, हौशी माणसांपर्यंत यायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. आता पारदर्शक पॉलिमरचे ठसे ॲक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवून वापरतात, त्यातून खालचा कागद दिसत असल्यानं जागा चुकत नाही. ठसा मोठा असेल तर तो शाईच्या पॅडवर आपटू नका. ठसा उताणा ठेवा आणि पॅड त्यावर हलकेच टेकवत फिरवा, शाई सगळीकडे सारखी लागते.

शाईतला फरक मात्र समजून घ्यायला हवा, कारण निम्मी निराशा तिथं असते. डायची शाई पातळ, कागदात मुरणारी, क्षणात वाळणारी. पिगमेंटची दाट, कागदाच्या वर बसून राहणारी, वाळायला वेळ घेणारी. उठावाच्या पावडरीला, म्हणजे एम्बॉसिंगला, पिगमेंटची शाई लागते, कारण ओली आहे तोवरच पावडर तिला धरते. ठसा द्या, पावडर शिंपडा, कागद उभा करून टिचकीनं जास्तीची पावडर झाडा, राहिलेले कण कोरड्या ब्रशनं काढा आणि मग हीट गननं तापवा. कण वितळून एकजीव होताना दिसतात, मातकट दाणेदार रेघ एकाएकी चकचकीत आणि उंच होते. तो क्षण पाहायला माझ्या वर्गात आजही सगळ्या जणी टेबलाभोवती गोळा होतात. केस वाळवायच्या ड्रायरनं हे होत नाही. त्याची हवा जोराची आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळण्याआधी उडून जाते.

आता देवनागरी ठशांबद्दल. दुकानात मिळणारे अक्षरांचे ठसे जवळजवळ सगळे इंग्रजी. ‘हॅपी बर्थडे’ दहा प्रकारांत सापडेल, ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ शोधत हिंडावं लागतं. सुट्या अक्षरांचे ठसे करून जोडायचे म्हटलं तर वेलांट्या, रफार, जोडाक्षरं आडवी येतात आणि शिरोरेघ तुटते. यावर माझा उपाय असा: अख्खा शब्द एकाच तुकड्यात कोरायचा. मोठा पांढरा खोडरबर किंवा मऊ कार्विंग ब्लॉक घ्या. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं शब्द लिहा, कागद उलटा करून खोडरबरावर ठेवा आणि नखानं घासा. शब्द आरशातल्यासारखा उलटा उतरतो, छापल्यावर सुलटा येतो. कोरताना शिरोरेघ सगळ्यांत शेवटी, आणि ती अक्षरांच्या दांड्यांपेक्षा किंचित जाड ठेवा. छापताना कागदावर पेन्सिलीची फिकट रेघ मारून शिरोरेघ तिच्यावर बसवली की शब्द तिरका जात नाही. लॅटिन अक्षरांना खालची ओळ सांभाळावी लागते, आपली अक्षरं वरच्या दोरीला लटकतात, हा फरक एकदा हातात भिनला की देवनागरी ठसा अवघड वाटत नाही. ‘शुभेच्छा’मधला ‘च्छ’ मात्र संयमानं कोरावा. त्याच्या पोटातली जागा मोकळी ठेवली नाही तर शाई भरून तिथं नुसता डाग उमटतो. सातव्या प्रकरणात असे बारा शब्द मूळ मापात दिले आहेत.

घड्यांचे प्रकार पुढे क्रमानं येतातच: दारासारखी दोन पाखं उघडणारी घडी, झेडच्या आकाराची, झिगझॅगची, उघडताच आत काही उभं राहणारी. त्यांची यादी इथं देत नाही. एकीबद्दलच बोलते. हॉलंडमध्ये रुजलेली आयरिस फोल्डिंग ही रीत मला आपल्या घरांसाठी विशेष योग्य वाटते, कारण तिचा जन्मच पाकिटांच्या आतल्या नक्षीच्या कागदातून झाला. कार्डात एक आकार कापून खिडकी करायची आणि मागच्या बाजूनं कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या एकीवर एक, आळीपाळीनं प्रत्येक बाजूनं, गोल फिरत आत आत लावत जायच्या. काम सगळं उलट्या बाजूनं चालतं, त्यामुळे शेवटपर्यंत पुढे काय होतंय ते दिसत नाही. सुलटं केलं की खिडकीत कॅमेऱ्याच्या पडद्यासारखी भिरभिर दिसते. लग्नसराईनंतर घरात साठणारी पत्रिकांची पाकिटं, मिठाईच्या डब्यांतले कागद, सगळं इथं कामी येतं. जाड पत्रिका मात्र नको, चार फेऱ्यांतच मागची बाजू फुगते.

फुगण्यावरून पोस्टाकडे येते. पाठवायचं कार्ड आणि हातात द्यायचं कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या टपालात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ३०० जीएसएमचं आपलं ए-६ कार्ड सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरतं, साधं पाकीट साडेचार-पाच ग्रॅमचं. म्हणजे सजावटीला उरतात पाच-सहा ग्रॅम. एवढ्यात कागदाची पुष्कळ नक्षी मावते, मण्यांची मावत नाही. शिवाय पाकिटावर शिक्का पडतो तेव्हा आतला काचेचा मणी वाचेलच याची खात्री नसते. पोस्टानं जाणाऱ्या कार्डावर म्हणून कागद, ठसा, उठावाची रेघ आणि एस्थरची स्प्रिंग एवढंच ठेवावं, असं मी सुचवते.

गोंद हा तसा छोटा विषय, पण पावसाळ्यात तो मोठा होतो. पाणी असलेला कुठलाही गोंद कागद फुगवतो, आणि कागद फुगतो तो ग्रेनला आडवा. म्हणून मोठा तुकडा चिकटवताना दोन्ही कागदांचा ग्रेन एका दिशेला ठेवा, गोंद पातळ आणि कडेपर्यंत लावा, आणि जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा. गव्हाच्या पिठाची खळ आजही पातळ हातकागदाला फार चांगली. बाइंडर तिच्यात किडीसाठी मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलांच्या कामात घालू नका, त्यापेक्षा रोज ताजी खळ करा. कोकणात नि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद गुंडाळून ठेवू नका, आडवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.

आणि लिहायला जागा सोडा. हे मी पुस्तकभर सांगत राहिले आहे आणि त्याचा कंटाळा आला तर यावा. कार्डाचं आतलं उजवं पान कोरं असलंच पाहिजे, आणि गडद कागदाचं कार्ड असेल तर तिथं पातळ पांढरा कागद लावलेला पाहिजे. मुद्दाम कुणासाठी तरी बसून केलेल्या वस्तूवर त्या माणसाचं नाव आणि आपल्या हाताच्या चार ओळी नसतील, तर आपण दुकानातल्या कार्डाशी उगाच स्पर्धा करत बसलो असं होतं. तिथं दुकान जिंकणार, त्याची छपाई आपल्यापेक्षा सफाईदार असते. कार्ड करायला घेण्याआधी ते कुणाचं, हे ठरवा. आजीचं असेल तर अक्षर मोठं आणि शाई काळी. लहान मुलाचं असेल तर ओढायला, उघडायला काहीतरी हवं. शोकाचं असेल तर पांढरा हातकागद, फाडलेली कड, एक पान, बस.

सामानाला फार खर्च लागत नाही. स्टीलची पट्टी, चांगला कटर आणि कापायची मॅट यांवर पैसे घाला, बाकी हळूहळू जमवा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत नि अप्पा बळवंत चौकात गेलात तर कागदाचा ताव हातात घेऊन वाकवून बघा. जाणता दुकानदार समजून जातो की गिऱ्हाइकाला कागद कळतो.

प्रकरणं क्रमानं वाचावीत अशी सक्ती नाही, पण पहिली तीन आधी करावीत अशी विनंती आहे. ती करताना रंगीत कागद वापरू नका, पांढऱ्यावर चूक लगेच दिसते. शेवटच्या पानांवरचे आराखडे झेरॉक्स काढण्यासाठी आहेत. दुकानदाराला प्रमाण १०० टक्के ठेवायला सांगा आणि दुकानातच पट्टीनं मोजून घ्या. आराखड्याखाली पाच सेंटिमीटरची रेघ छापली आहे ती त्यासाठीच. ती ४.८ भरली तर कार्ड लहान होऊन पाकिटात खेळेल, ५.२ भरली तर पाकिटात दाटीनं बसेल.